नळाच्या तोटीला कुणाचा हात

(सांगलीत झालेल्या युवक शिबिरातलं भाषण. बोललं तसंच ठेवलं आहे. शिव्या तेवढ्या कमी केल्या आहेत.)



पत्रकावर माझ्या नावापुढं 'कवी' छापलंय. 'गोदी कामगार' छापलेलं नाही. छापायला पाहिजे होतं. कवितेनं आजवर मला चहा पाजलाय, भाकरी गोदीनं दिलीय. मॅट्रिकच्या पुढं शिकलो नाही. आणि विषय कुठला? तर सॉफ्टवेअरचं मॉड्यूल विकायचं की खुलं वाटायचं. आयोजक म्हणाले, हा विषय कुणा इंजिनियरला देऊ. मी म्हणालो, नको, मला द्या. इंजिनियर या विषयावर सगळीकडं बोलतात. आणि मला हा विषय का पाहिजे होता त्याचं कारण इथंच बसलंय, मागच्या रांगेत, खाली मान घालून. त्याचं नाव मी घेणार नाही.

तो जत तालुक्यातला. आईबाप मिळून एक कोयता. शहरातल्या पोरांसाठी सांगतो, ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. माणसाला हत्याराचं नाव! हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो. जोडी कारखान्याच्या तळावर जाते, पाचटाच्या खोपीत राहते, आणि पुढचे पाच-सहा महिने ती उचल फेडत ऊस तोडते. किती टन तोडला ते काट्यावर ठरतं. काट्याची पावती एकाच्या खिशात, हिशोब दुसऱ्याच्या वहीत, घाम तिसऱ्याचा. ताप आला, बाई बाळंत झाली, तर तो खाडा. खाड्याचा दंड वेगळा. हंगाम संपला की मुकादम वही उघडतो आणि सांगतो, तुमच्याकडंच अजून एवढे निघतात, पुढच्या साली या.

हे पोरगं त्या खोपीत वाढलं. अर्धी शाळा गावात, अर्धी तळावर, म्हणजे कुठंच नाही. मग मिरजेत एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसलं आणि गिऱ्हाईकानं टाकून दिलेल्या लॅपटॉपवर प्रोग्राम लिहायला शिकलं. दोन हिवाळे बसून त्यानं एक मॉड्यूल लिहिलं. मॉड्यूल म्हणजे मोठ्या प्रोग्रामात बसवता येणारा सुटा भाग. ट्रकचा गिअरबॉक्स समजा, एकदा नीट बनला की दुसऱ्या गाडीतही बसवता येतो. पावतीचा नंबर, वजन, तारीख टाकायची. दर, मुकादमाचं कमिशन, उचल, खाडे, सगळं एका कोयत्याच्या नावावर मांडून येतं आणि मोबाईल ते मराठीत मोठ्यानं वाचून दाखवतो. आवाज का? आईला वाचता येत नाही म्हणून.

गेल्या हंगामात ती बाई मुकादमाला म्हणाली, "तुमच्या वहीत आमच्या दोन खेपा कमी लागल्यात." मुकादमानं आधी शिवी हासडली. मग वही काढली. दोन खेपा निघाल्या.

मी दहा वर्षं कविता लिहितोय. माझ्या एकाही कवितेनं कुणाच्या दोन खेपा परत आणलेल्या नाहीत.

बातमी तळावरून तळावर गेली. एक ठेकेदार दुकानात आला. गोड बोलला, चहा मागवला. म्हणाला, दीड लाख रोख देतो, मॉड्यूल मला दे. अटी दोन. एक, सगळे हक्क माझे, तुझ्याकडं प्रतसुद्धा ठेवायची नाही. दोन, तो कोयत्याला हिशोब वाचून दाखवणारा भाग काढून टाक. ऑफिसला दिसू दे, मुकादमाला दिसू दे. मजुराला काय करायचंय?

घरावर उचलीचे साठ हजार बाकी आहेत. पोराला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्यानं मला फोन केला, "दादा, विकू का?"

मी क्रेनखाली उभा होतो. म्हणालो, नंतर बोलतो. आज ते नंतरचं बोलतोय.

इथल्या ऊसपट्ट्याला कॉम्प्युटर काही नवा नाही. १९९८ साली वारणानगरच्या भोवती, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या ७० गावांसाठी 'वायर्ड व्हिलेज' नावाची मोठी योजना सरकारनं आणली. गावात कॉम्प्युटर, उसाची नोंद, तोडीची तारीख, वजनाचा हिशोब. त्या वेळी पेपरं भरभरून आली. पुढं तेच कॉम्प्युटर म्हातारे झाले, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी सात गावांत साध्या मोबाईलच्या एसेमेसवर तेच काम करून दाखवलं. चांगलं झालं, मी नाव ठेवत नाही. पण त्या योजनेची रचना ऊस पिकवणाऱ्या सभासदासाठी होती. ऊस तोडणारा सभासद नसतो. त्याच्या हिशोबाचं यंत्र करायला खोपीतलंच पोरगं जन्मावं लागलं.

आता, विकायचं की वाटायचं?

इकडं येताना मी साताऱ्यात उतरलो. राजवाड्यातल्या शाळेपुढं थोडा वेळ उभा राहिलो. ७ नोव्हेंबर १९०० ला बाबासाहेबांचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. त्या वयातल्या शाळेबद्दल बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. बसायला वेगळं गोणपाट, तेही घरून आणायचं आणि घरी न्यायचं. आणि पाण्याचा नळ. नळ होता. नळाला पाणी होतं. तहानही होती. फक्त तोटीला हात लावायचा नाही. शिपायानं तोटी फिरवली तर प्यायचं, शिपाई नसला तर तसंच राहायचं.

बंद सॉफ्टवेअर म्हणजे काय हे मला या नळानं कळलं. कॉम्प्युटर जे चालवतो ते असतं दळलेलं पीठ. माणसाला वाचता येईल असा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, ते धान्य. पीठ विकणारा म्हणतो, तू भाकरी खा, धान्य काय होतं ते विचारू नकोस. आत काय चाललंय दिसत नाही, बिघडलं तर दुरुस्त करता येत नाही, तुझ्या आईच्या सोयीनं बदलता येत नाही. मालकानं तोटी फिरवली तर पाणी. जत तालुक्यातल्या त्या बाईनं मोबाईलवर आपला हिशोब ऐकला तेव्हा तिनं स्वतः तोटी फिरवली. ठेकेदाराला तेवढंच नकोय. बाकी सगळं पाहिजे, तोटी नको.

इथं बसलेले काही शिकलेले दोस्त आता खूष झाले असतील. म्हणतील, म्हणजे ठरलं, खुलं करून टाका, ज्ञान सगळ्यांचं. थांबा. एवढ्यावर टाळ्या वाजवू नका. मला यावर राग आहे तो ऐकून घ्या.

फुकट द्यायला आम्हाला कुणी शिकवू नये. आमच्या बापजाद्यांनी गावाला फुकटच दिलंय. वेठबिगार केली. सरकारी टपाल पोचवलं, मेलेली ढोरं ओढली, सांगावे नेले, वेशीवर रात्री जागल्या, आणि बदल्यात शिळा तुकडा. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध बिल आणलं, आणि वतन गेलं १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं लागली फुकट राबणं कायद्यानं बंद व्हायला. तेव्हा महिन्याला लाखाचा पगार घेणारा माणूस थंडगार हापिसात बसून खोपीतल्या पोराला "शेअर कर, कम्युनिटीला दे" म्हणतो, तेव्हा माझ्या हाताला गोदीतला आकडा आठवतो.

१९७६ साली बिल गेट्स तरुण होता. त्यानं कॉम्प्युटरचा छंद असणाऱ्यांना उघडं पत्र लिहिलं: तुम्ही आमचा प्रोग्राम चोरून वापरता, मग फुकट कोण राबणार? पुढं तो माणूस काय झाला ते जगाला ठाऊक आहे. पण तो प्रश्न खोटा नाही. गोदीतल्या माणसाला तर तो खोटा वाटूच शकत नाही.

आणि खुल्याच्या दुनियेतही शोषण आहे. मॉड्यूलचीच उदाहरणं सांगतो. २०१६ साली एका पोरानं एका कंपनीशी नावावरून भांडण झालं म्हणून आपली खुली मॉड्यूलं सार्वजनिक साठ्यातून काढून घेतली. त्यातलं एक होतं फक्त ११ ओळींचं, लेफ्ट-पॅड. त्या ११ ओळींवाचून जगभरातल्या मोठमोठ्या कंपन्यांची कामं अडली! सगळे त्याच्यावरच उभे होते आणि कुणाला पत्ता नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये लॉग-फोर-जे नावाच्या मॉड्यूलमध्ये भोक सापडलं. सरकारं, बँका, कंपन्या घाबरल्या. ते सांभाळत कोण होतं? मोजकी माणसं, बहुतेक आपली नोकरी करून उरलेल्या वेळात. इमारत त्यांची, पाया यांचा. आम्हाला ही रचना नवी नाही.

आणि एक गोष्ट माझ्या गोदीची. ही मला पुस्तकात वाचायच्या आधी पाठीत कळली.

२६ एप्रिल १९५६ ला अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या ट्रकवाल्याचं जहाज ५८ पेट्या घेऊन निघालं. ती कंटेनरची सुरुवात. पण प्रत्येक कंपनीची पेटी वेगळी, कोपरे वेगळे, कड्या वेगळ्या. एकाची पेटी दुसऱ्याच्या क्रेनला लागेना. मॅक्लीनच्या कंपनीकडं कोपऱ्याच्या जोडणीचं पेटंट होतं: कोपऱ्याला ओतीव लोखंडाचा भोकं पाडलेला तुकडा आणि त्यात फिरवून बसणारी कडी. १९६३ साली कंपनीनं त्या पेटंटवरचा हक्क सोडला, कुणीही वापरा म्हणाली. त्याच धर्तीवर जगाचा एक ठराव झाला, एक माप झालं. आज न्हावाशेवाला उतरलेली पेटी जगातल्या कुठल्याही बंदरात, कुठल्याही ट्रकवर बसते, ती त्या सोडलेल्या हक्कामुळं.

म्हणजे काय झालं? ओपन सोर्सच झालं की! लोखंडातलं.

आणि माझ्या आज्याचं काय झालं? तो साताऱ्याच्या माणमधून मुंबईला आला होता. डॉक लेबर बोर्डाचा बिल्ला होता त्याच्याकडं. १९४८ च्या कायद्यानं गोदी कामगाराला नोंदणी आणि हजेरीचं संरक्षण मिळालं होतं. टोळीच्या टोळी गोणी वाहायची. पेट्या आल्या, टोळ्या गेल्या. १९८९ ला न्हावाशेवा बंदर सुरू झालं, १९९४ ला मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. आज्याकडं बिल्ला होता, माझ्याकडं ठेकेदाराचं कार्ड आहे, दर काही महिन्यांनी बदलणारं. उघड्या वाटलेल्या त्या कोपऱ्याचा फायदा जहाजवाल्यांना झाला, कारखानदारांना झाला. ज्यांच्या पाठीवरून माल जायचा त्यांच्यासाठी त्या वाटपात एक अक्षर नव्हतं. म्हणून 'खुलं' हा शब्द ऐकला की मी आधी विचारतो, कुणाला खुलं? कुठल्या अटीवर?

हा अटीचा मुद्दा नीट धरा. सगळं भाषण विसरलात तरी चालेल.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक तिरसट माणूस आहे. १९८० च्या आसपास त्याच्या प्रयोगशाळेतला प्रिंटर कागद अडवायचा. त्याला तो प्रोग्राम सुधारायचा होता, पण मूळ मजकूर मागितला तर दिला नाही. करार झालाय, देता येत नाही म्हणाले. त्या रागातून त्यानं १९८३ ला 'ग्नू' नावाचं काम जाहीर केलं आणि १९८९ ला एक परवाना लिहिला, जीपीएल. त्यात काय आहे? हा प्रोग्राम कुणीही चालवा, वाचा, बदला, वाटा, विकासुद्धा. पण तुम्ही बदललेला पुढं दुसऱ्याला दिलात तर त्याच अटीवर द्यायचा, मूळ मजकुरासकट. म्हणजे उघडलेली तोटी पुन्हा बंद करायचा हक्क कुणालाच नाही. १९९१ ला फिनलंडमधल्या लायनस टॉर्व्हाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं लिनक्स लिहिलं आणि पुढच्या साली याच परवान्याखाली ठेवलं. आज तुमच्या खिशातला अँड्रॉइड त्याच्यावर चालतो.

दुसऱ्या जातीचे परवानेही आहेत. (जात शब्द तोंडात आलाच.) त्यात मूळ लेखकाचं नाव ठेवलं की बस, पुढं कुणीही घेऊन बंद पेटीत घालून विकू शकतो. कंपन्यांना हे फार आवडतात. दोन्हीला 'ओपन सोर्स'च म्हणतात. शब्द एक, माल दोन. आपल्या पोरांना कुणी फसवलं तर याच फटीतून फसवेल.

आता मराठीचं बघा, कारण आपण मासिक काढणारे लोक. एक काळ होता, मराठी फाँट विकत घ्यावा लागायचा, सोबत कॉम्प्युटरला लावायचं कुलूप यायचं. ज्याचा फाँट त्याच्याचकडं अक्षर दिसणार. एका मासिकाचे जुने अंक ज्या डीटीपीवाल्याकडं जुळवले होते तो धंदा बंद करून गेला. फायली राहिल्या. मी त्यातली एक उघडली. पडद्यावर नुसता इंग्रजी कचरा! माझ्या आधीच्या कवींच्या कविता त्या कचऱ्यात पुरलेल्या आहेत. सायक्लोस्टाईलवर काढलेला १९७० च्या दशकातला अंक आजही वाचता येतो आणि त्याच्या पंचवीस वर्षांनंतरचा वाचता येत नाही, ही प्रगती! मग युनिकोड पसरलं, अक्षराचा सांकेतिक आकडा जगात एकच झाला. २००३ साली सायबरस्केप कंपनीनं आपले आकृती मालिकेतले भारतीय लिप्यांचे काही फाँट जीपीएलखाली खुले केले. मुंबईच्या एक टाईपवाल्यांचा 'मुक्त' फाँट आज कुणीही फुकट वापरतो. माझ्या कविता त्यातच टाईप होतात. केरळनं तर सरकारी शाळांतलं कॉम्प्युटर शिक्षणच खुल्या सॉफ्टवेअरवर नेलं. माझं शिक्षण घरची शेळी विकून केलेल्या एका सर्टिफिकेट कोर्सात झालं. त्यात एका कंपनीची बटणं कुठं असतात तेवढं शिकवलं. पुढच्या वर्षी बटणांची जागा बदलली.

मागच्या रांगेतल्या आपल्या गड्यानं मॉड्यूल लिहिलं ते कशावर? लिनक्सवर. माहिती साठवायला एसक्यूलाइट, ज्याच्या कर्त्यांनी हक्कच सोडून दिलेत. आवाजाला ई-स्पीक, तेही खुलं. अक्षराला मुक्त. यातल्या कुणीही दीड लाख मागितले असते तर त्याच्या आईच्या दोन खेपा आजही मुकादमाच्या खिशात असत्या. हे मी त्याला फोनवर म्हणालो. तो म्हणाला, "दादा, ते खरंय. पण त्या लोकांच्या आईवर उचल होती का?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही पूर्ण नाही.

अण्णाभाऊ इथलेच, वाटेगावचे. १ ऑगस्ट १९२० चा जन्म. वारणेच्या खोऱ्यातून बापाबरोबर पायी मुंबई गाठलेला माणूस. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांची गाणी गावोगाव गेली. ज्यानं त्यानं गायली, कुणी परवानगी मागितली नाही, अण्णाभाऊंनीही अडवलं नाही. अडवलं असतं तर चळवळीचा गळा बसला असता. आणि १८ जुलै १९६९ ला ते गेले तेव्हा घरात काय होतं? दारिद्र्य. नंतर तिकिटं निघाली, पुतळे झाले. लोकांनी गाणं घेतलं आणि गाणाऱ्याची चूल विचारली नाही. यात चूक गाणं वाटण्याची नव्हती. चूक आपली होती, घेणाऱ्यांची.

आणखी एक गोष्ट. उघडं जाहीर झालं म्हणून प्यायला मिळतं असंही नाही. ४ ऑगस्ट १९२३ ला बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात पास झाला: सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं ओपन सोर्स! ओंजळ भरायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला, आणि त्या ओंजळीपायी डोकी फुटली. नेटवर लाखो प्रोग्राम उघडे पडलेत. वाचायला इंग्रजी पाहिजे, लॅपटॉप पाहिजे, रात्रीचे चार तास मोकळे पाहिजेत. दोन पाळ्या करणाऱ्या पोराला ते तळं १९२४ सालचं आहे. म्हणून खुलं करा एवढं म्हणून भागत नाही. शिकवायला बसावं लागतं, मराठीतून, हाताला धरून.

मग वाटा कसा करायचा? याचं उत्तर सांगली जिल्ह्यातल्याच लोकांनी एकदा दिलंय, सॉफ्टवेअरचं नव्हे, पाण्याचं. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बलवडी-तांदूळवाडीचं बळीराजा धरण. १९८० च्या दशकातली गोष्ट. दुष्काळी पट्टा, आणि नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी म्हटलं, वाळू नदीची, नदी आमची. थोडी वाळू आपणच विकायची, त्या पैशात आणि लोकांच्या श्रमात धरण बांधायचं. आणि पाणी? जमीन किती त्यावर नाही. घरटी समान वाटा, भूमिहीनालाही.

बघा, त्यांनी विकलंसुद्धा आणि वाटलंसुद्धा. वाळू थोडी विकली, पाणी विकलं नाही. आणि पाण्याला नियम लावला. नियम नसता तर वरच्या मोटरवाल्यानं सगळं ओढलं असतं, आणि ते 'खुलं'च म्हटलं गेलं असतं.

हळदीचंही आठवा. सांगलीची पेठ हळदीची. १९९५ साली अमेरिकेत जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं. आपल्या सीएसआयआरनं भांडून १९९७ ला रद्द करून घेतलं, आणि ते भांडण जिंकलं छापील कागदांवर, जुन्या ग्रंथांवर आणि १९५३ च्या एका शोधलेखावर. आजीच्या तोंडातली हळद तिथं साक्षीला चालली नसती. म्हणून सांगतो, आपलं जे आहे ते तारखेसकट, नावासकट उघडं छापून ठेवा. छापलेलं असलं की उद्या दुसरा कुणी येऊन 'हे माझं' म्हणाला तर तोंडावर मारता येतं.

आता सरळ कामाचं बोलतो. गड्या, कान दे.

कायद्याच्या नजरेत तुझं मॉड्यूल आणि माझी कविता एकाच खान्यात आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात प्रोग्राम ही 'साहित्यकृती' आहे. तू साहित्यिक आहेस, लेका! लिहिलंस त्या दिवशीच हक्क तुझा झाला, तू असेपर्यंत आणि नंतर ६० वर्षं. ठेकेदाराचा कागद हा हक्क कायमचा घ्यायला बघतोय. त्या कायद्यात असंही आहे की करारात मुदत लिहिली नसेल तर हक्क पाचच वर्षं दिला असं धरतात. म्हणून तो मुदतीच्या जागी 'कायमस्वरूपी' लिहून आणणार. वाचल्याशिवाय सही करू नकोस. आमच्या अंगठ्यांनी आजवर पुष्कळ जमिनी गेल्या.

परवाना लावायचा तर साधा जीपीएल पुरणार नाही. कारण ठेकेदार मॉड्यूल स्वतःच्या सर्व्हरवर ठेवेल, कुणाला प्रत देणारच नाही, आणि प्रत दिली नाही तर जीपीएलची अट लागत नाही. त्यासाठी २००७ चा एक कडक परवाना आहे, अफेरो जीपीएल. त्यात बदललेला प्रोग्राम सर्व्हरवर चालवून लोकांना वापरायला दिला तरी त्या वापरणाऱ्यांना मूळ मजकूर द्यावा लागतो. मुकादमाला तुझं मॉड्यूल वापरण्यापासून तू अडवू शकणार नाहीस, हेही समजून घे. खुलं म्हणजे त्यालाही खुलं. त्याचा हिशोब तो करील. पण कोयत्याच्या हातातली प्रत तो बंद करू शकणार नाही, आणि आवाज काढून टाकलेलं मॉड्यूल त्यानं आणलं तर आवाज असलेलं तुझं शेजारी उभं राहील.

पैशाचं. खुलं म्हणजे फुकट नव्हे. रेड हॅट नावाची कंपनी खुलंच सॉफ्टवेअर विकायची, म्हणजे बसवून द्यायची, सांभाळायची, त्याचे पैसे घ्यायची. २०१९ साली आयबीएमनं ती ३४ अब्ज डॉलरला घेतली. आता जतमध्ये कुणी रेड हॅट होणार नाही, उगाच स्वप्नं विकत नाही. तिचे गिऱ्हाईक मोठ्या कंपन्या होत्या, आपले गिऱ्हाईक कोयते. पण बोटावर मोजून बघा. एका कोयत्यानं हंगामाला ५० रुपये दिले, तर तीन हजार कोयत्यांचे दीड लाख होतात. ठेकेदाराचा आकडा तोच आहे. फरक एवढाच की तो एकदाच देतो आणि तोटी घेऊन जातो.

तीन हजार कोयते गोळा करणं हे त्याचं एकट्याचं काम नाही. ते तुमचं काम आहे, जे इथं बसलात त्यांचं. मोबाईल चालवता येतो ना? मग येत्या हंगामात साताऱ्याच्या, सांगलीच्या तळांवर जा. कवितावाचन नंतर. प्रत्येक तळावर एकाला शिकवायचं, पावती कशी भरायची आणि दाबायचं कुठं. आणि साठ हजारांची उचल या आठवड्यात भरायचीय, तिला पुढच्या हंगामाचं आश्वासन चालत नाही. मी माझ्या टोळीत पत्रा फिरवला. अठरा जणांनी मिळून अकरा हजार दोनशे दिले. त्यातल्या चौघांना सॉफ्टवेअर म्हणजे काय ते मी सांगूनही कळलं नाही. खेपा कापल्या म्हटल्यावर कळलं. पत्रा दाराशी ठेवलाय.

हे सगळं ऐकून तो उद्या विकूनच आला, तर मी त्याला गद्दार म्हणणार नाही. तुम्हीही म्हणायचं नाही. ज्यानं पत्र्यात काही टाकलं नाही त्यानं तर तोंडच उघडायचं नाही.

मला रात्रीची मुंबई गाडी धरायचीय, उद्या दुसरी पाळी आहे. प्रश्न असतील तर त्याला विचारा, माझ्यापेक्षा त्याला जास्त कळतं. आईच्या गेल्या हंगामाच्या पावत्यांचा गठ्ठा त्यानं बरोबर आणलाय. मोबाईल माईकजवळ धरतो म्हणाला. ये रे पुढं, लाजू नको. जरा पंखा बंद करा, आवाज बारीक आहे त्याचा.